पेशीवरचा एकच केस

डिसेंबर महिना होता आणि शाळेचे स्नेहसंमेलन चालू होते. मगरिबची वेळ होत आली होती, मंडपातले दिवे अजून लागायचे होते. सातवीतला एक मुलगा रांगेतून स्टेजकडे निघाला आणि समोरच्या लोखंडी खुर्चीवर सरळ जाऊन आदळला. खुर्ची बाकी सगळ्यांना दिसत होती. मुले हसली. मीसुद्धा जरा रागानेच म्हणाले, "अरे, बघून चाल की!" तो काही बोलला नाही. गुडघा चोळत उभा राहिला आणि हात पुढे करून मागच्या मुलाचा खांदा चाचपडत शोधू लागला.

तो चाचपडणारा हात माझ्या मनातून गेला नाही. दिवसा हाच मुलगा फळ्यावरचे नीट वाचतो, मग संध्याकाळी असे का?

त्याच्याबद्दल माझ्याकडून आधीही एक चूक झाली होती. पोरगा अंगाने बराच जाड. मुले चिडवायची. पालकसभेला त्याची अम्मी आली तेव्हा मी तिला वडापाव, बिस्किटे बंद करण्याचा सल्ला दिला होता. ती बिचारी खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, घरात सगळ्यांना जे मिळतं तेच त्यालाही देते. पण त्याची भूकच भागत नाही. रात्री उठून डब्यातली चपाती काढून खातो." मला ते निमित्त वाटले. लाडाचे पोर, आईला नाही म्हणता येत नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले.

खुर्चीच्या प्रसंगानंतर मी तिला पुन्हा बोलावून घेतले आणि डोळे तपासायला सांगितले. तालुक्याच्या डॉक्टरांनी रातांधळेपणा म्हणून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. पुढे मोठ्या शहरात नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारण्याआधी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला बारीकसा व्रण होता. जन्मतः तिथे सहावे बोट होते, ते बाळपणीच काढून टाकलेले. पायाचे सहावे बोट अजून होते. मग त्यांनी वजन केले, लघवी आणि रक्त तपासायला पाठवले, मूत्रपिंडांची सोनोग्राफी केली आणि शेवटी विचारले, "तुम्ही दोघे नात्यातले का?" हो, होते. नवरा म्हणजे तिच्या सख्ख्या चाचांचा मुलगा.

परत आल्यावर ती माझ्या घरी आली. हातात जाडजूड फाईल. म्हणाली, "मॅडम, बोट, डोळे, वजन, आता किडनीपण. माझ्या पोराला चार आजार आहेत की एकच?"

एकच. त्याचे नाव बार्डे-बीडल सिंड्रोम. पण बोटाचा डोळ्याशी आणि डोळ्याचा भुकेशी काय संबंध, हे मला तिला सांगता येईना. माझे विषय उर्दू आणि मराठी. विज्ञानाचे सर रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेले की बदली तासाला जाते, एवढाच माझा विज्ञानाशी संबंध. मग मी वाचायला बसले, सरांना आणि ओळखीतल्या एका डॉक्टरांना छळले. जे उमगले ते आज आपल्यासमोर ठेवते, कारण असा प्रश्न घेऊन बसलेल्या अम्मी आणखीही असतील.

उत्तराची सुरुवात मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्याच एका शब्दापासून होते. पेशीविभाजनाच्या धड्यात 'तारककेंद्र' येते. पेशी दुभंगायची वेळ आली की हे तारककेंद्र दुप्पट होते, दोन्ही दोन टोकांना जातात आणि तिथून निघालेले तुर्कतंतू गुणसूत्रांची वाटणी करतात. परीक्षेला एक आकृती, दोन गुण, संपले. मी स्वतः हा धडा दोनदा बदली तासाला शिकवला आहे, आणि विभाजन नसते तेव्हा हे तारककेंद्र काय करते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

नावात 'तारक' का, हे मात्र भाषेची शिक्षिका म्हणून मी शोधले होते. सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन चालू असताना या ठिपक्याभोवती चांदणीच्या किरणांसारखे तंतू पसरलेले दिसतात. जर्मन संशोधक थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी पाहता पाहता हा ठिपका नीट ओळखला आणि १८८८ साली त्याला सेंट्रोसोम हे नाव दिले. सेंट्रोसोम म्हणजे तारककाय. त्याच्या पोटात दोन छोट्या नळकांड्या एकमेकींना काटकोनात असतात. त्यांना सेंट्रिओल म्हणतात, तीच आपली तारककेंद्रे. प्रत्येक नळकांडीच्या भिंतीत तीन-तीन नळ्यांचे नऊ जुडगे गोल मांडलेले असतात. लांबी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी.

आता दुसरा शब्द. पॅरामेशियमच्या आकृतीत कडेने बारीक केस दाखवतात, त्यांना पुस्तकात पक्ष्माभिका म्हटले आहे. मुले हा शब्द उच्चारताना हसतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. इंग्रजीतला सिलिया हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचाही अर्थ पापण्याच. आपल्या श्वासनलिकेच्या पेशींवर अशा शेकडो पापण्या असतात. त्या सतत हलतात आणि धूळ, कफ वर ढकलतात. हे हलणारे केस शास्त्रज्ञांना जुने माहीत होते.

पण आणखी एक प्रकार आहे, आणि आपल्या गोष्टीत महत्त्वाचा तोच. शरीरातल्या बहुतेक पेशींवर एकच केस असतो. तो बहुधा हलत नाही, नुसता उभा असतो. त्याला प्रायमरी सिलियम म्हणतात. जाडीला डोक्याच्या केसाच्या सुमारे तीनशेवा भाग. कार्ल झिमरमान नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९८ साली मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींवर हा एकुलता एक केस पाहिला आणि त्याचे चित्र काढले. केसाच्या बुडाशी त्यांनी दोन ठिपकेही काढले. हा केस पेशीला बाहेरची जाणीव करून देत असावा, असा अंदाजही त्यांनी मांडला. शंभर वर्षांनी तो बराचसा खरा ठरला.

बुडाशी असलेले ते दोन ठिपके म्हणजे तारककायातलीच तारककेंद्रे. त्याच १८९८ साली फ्रान्सचे हेनगी आणि हंगेरीचे लेनहोशेक या दोघांनी, एकमेकांपासून वेगवेगळे, हा विचार मांडला: केसाच्या मुळाशी जे बसते आणि विभाजनाच्या वेळी टोकाला जाऊन तंतू पसरते, ते दोन्ही एकच. कामे दोन, वस्तू एक.

हे समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात शिडी एकच. ती गच्चीवर उभी करून तिला टीव्हीचा अँटेना बांधला आहे. शिडी आहे तोवर घरात बाहेरची खबर येते. आता घराला रंग द्यायचा ठरला. दुसरी शिडी नाही. मग आधी अँटेना उतरवायचा, शिडी खाली आणायची, रंगकाम उरकायचे, आणि नंतर पुन्हा गच्चीवर नेऊन अँटेना चढवायचा. पेशी अगदी असेच करते. ती विसावलेली असते तेव्हा दोन तारककेंद्रांपैकी जे जुने, ते पेशीच्या पृष्ठभागापाशी जाऊन तिथल्या पडद्याला चिकटते. त्याच्या वरच्या टोकाला नऊ बारीक काटे असतात, त्यांनी ते घट्ट बसते. मग त्याच्याच नऊ जुडग्यांमधून नळ्या वर वाढू लागतात आणि केस उगवतो. धाकटे तारककेंद्र शेजारी बसून राहते. पेशीला दुभंगायचे असले की केस आत ओढला जातो, तारककेंद्रे मोकळी होतात आणि दोन टोकांना जातात. विभाजन संपले की दोन्ही लेकी आपापला केस पुन्हा उगवतात. २००९ साली अमेरिकेत चार्ल्स अँडरसन आणि टिम स्टर्न्स यांना यात एक गमतीची गोष्ट दिसली. जिच्या वाट्याला सगळ्यात जुने तारककेंद्र येते, तिचा केस आधी उगवतो. वडिलोपार्जित शिडी जिला मिळाली, तिच्या घरी खबर आधी!

वडिलोपार्जित हा शब्द इथे खराही आहे. माणसाच्या स्त्रीबीजातून त्याची तारककेंद्रे बनता बनताच नाहीशी होतात. पित्याच्या शुक्राणूतून येणारे तारककेंद्र गर्भाच्या पहिल्या विभाजनाला हजर असते. शुक्राणूची शेपटीसुद्धा तारककेंद्रावरच उगवलेला एक लांब केस आहे. पेशीतली ऊर्जा बनवणारी तंतुकणिका आईकडून येते आणि हे बापाकडून. घरातला वाद मिटवायला हे कामी येईल की नाही, सांगता येत नाही.

या एकट्या केसाकडे पुढची शंभर वर्षे जवळजवळ कुणी लक्ष दिले नाही. हलत नाही म्हणजे निरुपयोगी, उत्क्रांतीत मागे राहून गेलेला अवशेष, असेच बहुतेकांनी धरले. १९६२ मध्ये सर्गेई सोरोकिन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तारककेंद्रापासून केस कसा उगवतो त्याच्या पायऱ्या दाखवल्या, आणि १९६८ मध्ये प्रायमरी सिलियम हे नावही रुळवले. तरी डॉक्टरी पुस्तकांत त्याला जागा नव्हती.

जागा मिळवून दिली एका शेवाळाने. क्लॅमिडोमोनास हे डबक्यात राहणारे एका पेशीचे हिरवे शेवाळ, त्याला पोहायला दोन शेपट्या असतात. येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांना १९९३ मध्ये दिसले की शेपटीच्या आत बारीक कण सतत वर जातात आणि खाली येतात. शेपटीच्या आत स्वतःचा माल बनवण्याची सोय नसते, सगळे खालून पोहोचवावे लागते. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखे: भरलेली गाडगी वर, रिकामी खाली. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्रेगरी पाझूर, जॉर्ज विटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या रहाटातले एक प्रथिन शोधले आणि त्याचा जनुक इतर प्राण्यांत कुठे आहे ते ताडून पाहिले. तो उंदरात सापडला. तोही अशा उंदरांच्या वाणात, जे जन्मतः मूत्रपिंडात पाण्याचे फोड घेऊन येत आणि का मरतात ते कुणाला कळत नव्हते. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशी पाहिल्या, तर झिमरमान यांचा तो केस खुरटलेला होता.

इथून दार उघडले. डबक्यातल्या शेवाळाची शेपटी आणि माणसाच्या किडनीचा आजार एकाच धाग्यात आले.

आता आपल्या मुलाच्या आजाराकडे. १९२० साली फ्रान्समध्ये जॉर्ज बार्डे यांनी आणि १९२२ साली प्रागमध्ये आर्टुर बीडल यांनी अशा मुलांचे वर्णन केले: जादा बोटे, लठ्ठपणा, हळूहळू जाणारी नजर. तिन्ही गोष्टी एकत्र का येतात, हे त्यांना सांगता आले नाही. त्याचे उत्तर मिळण्यात अरब बदू कुटुंबांचा मोठा वाटा आहे. नेगेव्हच्या वाळवंटातल्या बदू टोळ्यांमध्ये हा आजार होता आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नात्यात निकाह होत आले होते. आयोवा विद्यापीठाचे व्हॅल शेफिल्ड आणि इस्रायलमधील डॉक्टर रिव्का कार्मी यांनी १९९३ पासून तीन मोठ्या टोळ्यांचे रक्त तपासले. तिन्हींत आजार तोच, पण दोष तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर निघाला! आज या आजाराचे वीसहून जास्त जनुक माहीत आहेत. इतक्या वेगवेगळ्या दोषांतून एकच आजार कसा? २००३ मध्ये निकोलस कत्सानिस, फिलिप बील्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या एका जनुकाचे प्रथिन पेशीत नेमके कुठे बसते ते पाहिले. ते तारककायापाशी, केसाच्या मुळाशी बसले होते. पुढे २००७ मध्ये कळले की यातली बरीच प्रथिने मिळून एक टोळी करतात आणि केसात काय जायचे, केसातून काय बाहेर यायचे, याची ने-आण पाहतात. टोळीतला कुणीही एक गडी आजारी पडला की काम अडते.

म्हणजे त्या अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर असे. मुलाच्या पेशी दुभंगतात, तारककेंद्रे आपले विभाजनाचे काम करतात, म्हणून मूल जन्मते, वाढते. शिडी आहे. पण शिडीवरचा अँटेना नीट चालत नाही. आणि शरीर या अँटेनाचा उपयोग ठिकठिकाणी वेगळ्या कामाला करते.

डोळ्यात पाहा. अंधारात पाहण्यासाठी ज्या दंडपेशी असतात, त्यांचा प्रकाश टिपणारा भाग हा मुळात एक फुगवलेला, मोठा झालेला प्रायमरी सिलियमच आहे. त्यात नाण्यांच्या चळतीसारख्या सुमारे हजार चकत्या असतात. रोज वरच्या साधारण दहाव्या भागाच्या चकत्या झडतात आणि खालून नव्या येतात. हा सगळा माल एका अरुंद देठातून वर जातो, आणि त्या देठाच्या मुळाशी तारककेंद्र बसलेले असते. ने-आण बिघडली की दंडपेशी हळूहळू मरतात. आधी संध्याकाळची नजर जाते, बहुधा सात-आठ वर्षांच्या वयात, मग कडेचे दिसेनासे होते, मग दिवसाचेही. म्हणूनच दुपारी फळा वाचणारा मुलगा मगरिबला खुर्चीवर आदळतो. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रातांधळेपणा गोळ्यांनी भरून येतो, हा येत नाही.

बोटांचे कोडे २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत सुटू लागले. गर्भात हाताची कळी फुटते तेव्हा अंगठा कुठे आणि करंगळी कुठे, बोटे किती, हे ठरवणारा एक रासायनिक संदेश असतो. त्याचे नाव हेजहॉग, म्हणजे काटेरी साळू, कारण तो बिघडला की फळमाशीची अळी काटेरी दिसते. माणसातल्या त्याच्या भावंडाला चक्क व्हिडिओ गेममधल्या सॉनिकचे नाव दिले आहे. माझ्या धाकट्याला हे सांगितले तेव्हा त्याला आपली अम्मी पहिल्यांदाच हुशार वाटली. असो. हा संदेश पेशी ऐकते ती या केसावरच. ऐकण्यात गडबड झाली की एक बोट जास्त उगवते. इथे एक गोष्ट ठळक सांगते: सहावे बोट असलेली बहुतेक मुले बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतात. एकटे बोट पाहून घाबरू नये.

आणि भूक. माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली होती. मेंदूच्या तळाशी पोट भरल्याची खबर घेणाऱ्या पेशी असतात. त्या खबरीचा एक महत्त्वाचा ग्राहक रेणू या पेशींच्या केसावर बसतो, हे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवले. तो तिथे पोहोचलाच नाही, तर पोट भरले तरी मेंदूला कळत नाही. पोरगा रात्री उठून डबा उघडत होता, त्यात लाड नव्हते आणि हावरटपणाही नव्हता. २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारातल्या लठ्ठपणावर सेटमेलॅनोटाइड नावाच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. ते अतिशय महाग आहे आणि डोळ्यांवर त्याचा उपयोग नाही. पण त्याच्यामुळे एवढे नक्की सिद्ध झाले की ही भूक आजाराची आहे.

मूत्रपिंडाचे तर झिमरमान यांनीच पहिले चित्र काढले होते. नलिकेतल्या प्रत्येक पेशीचा केस आतल्या प्रवाहात उभा असतो. तो नेमके काय टिपतो, प्रवाहाचा ताण की रसायने, यावर अजून वाद आहे. पण केस बिघडला की नलिका वेड्यावाकड्या वाढतात, फोड होतात, हे पक्के. या मुलांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका किडनीचा असतो. म्हणून रक्तदाब, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी ठरल्या वेळी करत राहावे लागते. काही मुलांना अभ्यासही सावकाश समजतो.

वाचकांनी एक गल्लत करू नये. मोठ्या माणसांत दिसणारा किडनीतल्या फोडांचा नेहमीचा आनुवंशिक आजार यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्याचा संबंधही याच केसाशी आहे, पण तो आई किंवा बाप एकाकडूनच येऊ शकतो आणि प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. घरात कुणाला तो असेल आणि तिशीतच रक्तदाब वाढला असेल तर सोनोग्राफीला उशीर करू नका.

शिडीचे दुसरे काम बिघडले तर? तेही घडते. यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत काही मुले जन्मतः फार लहान डोक्याची होती. लीड्सच्या डॉ. जेफ्री वूड्स आणि सहकाऱ्यांनी या कुटुंबांसोबत काम केले, आणि २००२ पासून एकेक जनुक सापडत गेले. त्यांतल्या बऱ्याच जनुकांची प्रथिने तारककायावर किंवा तुर्कतंतूंच्या टोकाशी बसतात. गर्भात मेंदूच्या पेशी पुरेशा वेळा, पुरेशा नीट दुभंगत नाहीत, म्हणून मेंदू छोटा राहतो. वस्तू तीच. एका घरात तिचे एक काम अडले, दुसऱ्या घरात दुसरे.

आता नात्यातल्या निकाहाचे. हे लिहिताना मी दोनदा थांबले, कारण हा विषय निघाला की एका बाजूने टोमणे सुरू होतात आणि दुसऱ्या बाजूने कान बंद होतात. म्हणून आधी हिशेब. या आजारात मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही बिघडलेले जनुक मिळावे लागतात. एकच मिळाले तर माणूस निरोगी राहतो, आयुष्यभर त्याला पत्ता लागत नाही. आपण प्रत्येक जण असे काही ना काही लपलेले दोष बाळगून असतो. परक्या घरातल्या जोडीदाराकडे नेमका तोच दोष असण्याची शक्यता फार कमी. सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात आणि त्यांचा सरासरी आठवा हिस्सा वारसा सामाईक असतो. म्हणून तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. दर वेळी हिशेब नव्याने.

किती वाढते? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची वस्ती मोठी आहे, अकरा हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात व्यंगाचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवरून सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांच्या निकाहात सुमारे सहा टक्क्यांवर गेले. म्हणजे दुप्पट, हे खरे. आणि शंभरातली सुमारे चौऱ्याण्णव बाळे ठीक होती, हेही खरे. त्याच अभ्यासात चौतीस वर्षांपुढच्या गोऱ्या आयांमध्येही धोका जवळपास तसाच वाढलेला दिसला. त्यामुळे कुणी एका समाजाकडे बोट दाखवायचे कारण नाही. मामाची मुलगी करायची चाल महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही जुनी आहे. बार्डे-बीडलचेच पाहा: कुवेतच्या बदूंमध्ये तो साधारण साडेतेरा हजारांत एक, आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गोऱ्या ख्रिस्ती लोकांमध्येही सतरा-अठरा हजारांत एक. तिथे थोड्याच घरांतून सारी वस्ती वाढली, म्हणून. उत्तर युरोपात तो लाख-दीड लाखात एक आहे.

पण एवढे बोलून हात झटकताही येत नाही. नात्यात निकाहाची परवानगी आहे, सक्ती कुठेही नाही. रिश्ता ठरवताना आपण शेत, घर, नोकरी, स्वभाव सगळे विचारतो. दोन्हीकडच्या थोरल्या बायकांना एवढेही विचारावे: खानदानात कुणाची नजर लहानपणी गेली होती का, कुणाची किडनी तरुणपणी निकामी झाली का, बाळे जन्मून गेली का? आपल्याकडे या गोष्टी झाकून ठेवतात, मुलींचे रिश्ते अडतील म्हणून. आणि झाकलेल्या घरातच पुन्हा रिश्ता होतो. घरात एक मूल असे असेल तर त्याची जनुकीय चाचणी करून नेमका दोष कोणता ते शोधता येते, आणि मग भावी वधू-वरांची तपासणी साध्या रक्तावर होते. पुढच्या गरोदरपणातही तपासता येते. त्यानंतर काय करायचे, ते त्या जोडप्याने डॉक्टरांशी आणि जाणकार आलिमांशी बोलून ठरवावे. माझ्यासारखीने त्यात सल्ला देऊ नये.

आणि सासरच्या मंडळींना एक सांगायचे आहे. त्या अम्मीला तिच्या सासूने ऐकवले होते, "तुझ्याच पोटी असं कसं आलं?" एक जनुक तिच्याकडून आले तसे एक त्यांच्या लेकाकडूनही आले आहे, निम्मे-निम्मे. मी ते कागदावर चौकट आखून त्या सासूबाईंना समजावले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ कागद पाहिला, मग म्हणाल्या, "मग हे आमच्या सासऱ्यांकडूनच आलं म्हणायचं." बहुधा बरोबर होते. सासरे दोघांचेही सख्खे आजोबा.

मुलगा आता नववीत आहे. पहिल्या बाकावर बसतो, पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत काढून देतो आम्ही. मोबाइल त्याला वाचून दाखवतो. थंडीच्या दिवसांत शेवटचा तास संपायच्या आधी त्याला सोडतो, म्हणजे उजेडात घरी पोहोचतो. अपंगत्वाचा दाखला निघाला आहे, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळेल. घरात भाकरी-भाजीचे डबे कुलपात असतात आणि कुलपाची चावी त्यानेच अम्मीकडे दिली आहे. वर्गात कुणी चिडवले तर तो आता सांगतो, "माझ्या पेशींचा अँटेना खराब आहे." परवा त्याने मला विचारले, "मॅडम, त्या उंदरांचं पुढे काय झालं?"